ब्रेकचे भूपालआण्णा

परवा जतला आमच्या गाडीच्या ब्रेकचं काम निघालं. माझी इकडच्या शाळेत बदली होऊन वर्ष झालं, आणि जुनी सात सीटर गाडीही माझ्यामागून इकडेच आली. गॅरेजवाल्याने मला सावलीत खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक लहानसं यंत्र आणून चाकाला जोडलं. यंत्र घुर्र करून थोडा वेळ चाललं, नळीतली सगळी हवा त्याने ओढून घेतली आणि काम संपलं.

"न्या बाई गाडी."

"आणि पायडल कुणी मारायचं?" मी विचारलं.

"त्याची गरज न्हाई आता," तो म्हणाला.

काम चोख झालं होतं, तक्रारीला जागा नव्हती. तरी मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. माझा उजवा पाय खुर्चीखाली नुसता शिवशिवत होता. ब्रेकची हवा काढायची आणि मला गाडीत बसवायचं नाही? भूपालआण्णांनी या माणसाला फाट्यावर उभंसुद्धा केलं नसतं.

भूपालआण्णांचं गॅरेज आष्ट्याच्या रस्त्याला, आमच्या गावच्या फाट्यावर. पत्र्याची शेड, पुढे मुरमाचं अंगण, कडेला लिंबाचं झाड. आसपास आणखी चार गॅरेजं होती. तिथे इंजिन, गिअर, एसी, रंग, सगळं व्हायचं. आण्णा फक्त ब्रेक करायचे. कुणी म्हणालंच, "आण्णा, हॉर्न वाजंना झालाय, जरा बघा की," तर म्हणायचे, "बरं हाय की! हॉर्न वाजाय लागला की मानूस ब्रेक इसरतंय." इंजिनवाल्या मिस्त्रींबद्दल त्यांना फार आदर नव्हता. "गाडी पळवण्यात काय हुशारी? उतारावर सोडली तर खाटसुदिक पळती. थांबवून दाखवा म्हनावं."

अंगाने उंच, किडकिडीत. जन्मभर गाड्यांखाली वाकून पाठीला जरा बाक आलेला. अंगात पांढरा लेंगा आणि पांढरी बंडी. मिस्त्रीने पांढरं घालावं का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मळलेलं दिसाय पायजे बाई. काळ्या कापडावर काय गळलंय ते कळत न्हाई." आणि खरंच, ते गाडीखालून बाहेर आले की आधी स्वतःच्या बाहीकडे बघायचे. बाहीवरचा डाग बघून कुठली नळी झिरपतेय ते सांगायचे.

माणूस जैन, आणि नेमाचा पक्का. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. त्यामुळे साडेपाचला शटर खाली. गाडी अर्धी उघडी असो, मालक कितीही मोठा असो. एकदा एक पुढारी सहा वाजता आले आणि ड्रायव्हरला शटर वाजवायला लावलं. आण्णांनी आतूनच घास गिळत सांगितलं, "सायेब, सकाळी या. तवर गाडी चालवू नका, म्हंजे ब्रेक लागनार न्हाई."

शेडच्या आतल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने ऑइल पेंटने एक ओळ लिहिली होती. 'इथून गेलेली गाडी ब्रेकसाठी वर्षाच्या आत परत आली तर दुकान कायमचे बंद.' अक्षर गिचमिड, पण फाट्यावरच्या प्रत्येकाला ती ओळ पाठ होती. प्रवासी कोंबून धावणाऱ्या जीपवाल्यांना, म्हणजे आमच्याकडच्या वडापवाल्यांना, त्या ओळीचा फार अभिमान. आपल्या प्रवाशांना ते सांगायचे, "घाबरू नका मावशी, ब्रेक भूपालआण्णाचा हाय."

त्या ओळीमागे एक घरगुती भानगडही होती. आण्णांचा मुलगा महावीर पुण्यात नोकरीला. आण्णांच्या मंडळी नातवंडांसाठी तिकडेच राहिलेल्या. महावीरला वाटे, वडिलांनी आता या वयात गाड्यांखाली शिरू नये, पुण्याला येऊन आराम करावा. आण्णांनी त्याला शब्द दिला होता, ज्या दिवशी भिंतीवरचं खरं होईल त्या दिवशी शटर ओढून येतो. त्यामुळे दर रविवारी महावीरचा फोन यायचा आणि आण्णा तो स्पीकरवर टाकायचे.

"आण्णा, आली का एखादी गाडी परत?"

"न्हाई रं बाबा. तू जेवलास का?"

हे ऐकायला रविवारी वडापवाले मुद्दाम थांबायचे.

आमची गाडी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली ती मी चालवत नेली म्हणून. घरचे हे फौजेत, तेव्हा राजस्थानात. घरची उसाची शेती थोरले दीर बघतात. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. तात्या ट्रॅक्टरवर असे बसतात की बघत राहावं, पण कारचं स्टिअरिंग हातात धरत नाहीत. "त्यात बसलं की जमीन दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गाडी माझ्याकडे. मी शाळेत शिकवते म्हणून मला घरात आणि गावात सगळे बाईच म्हणतात. तात्यासुद्धा.

झालं असं होतं की सांगलीत सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून उभी होते आणि पाय हळूहळू खाली चालला होता. गाडी थांबलेली, मी काही करत नाही, आणि पायडल आपलं आपलं खाली. मी आण्णांकडे गेले. तात्या शेजारी बसलेले. आण्णांनी बॉनेट उघडलंच नाही. मला म्हणाले, "बाई, इंजिन चालू ठेवा. पाय ब्रेकवर, हळू दाबून धरा. आनी एकोनिसाचा पाढा म्हना."

मला वाटलं थट्टा चाललीय. पण त्यांचा चेहरा गंभीर. मी म्हणायला लागले. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. आण्णा दारातून वाकून माझ्या पायाकडे बघत होते. एकोणीस सक एकशे चौदा झालं तेव्हा पाय बराच खाली गेला होता. एकोणीस साते एकशे तेहतीसला पायडल तळाला टेकलं.

"झालं. मास्टर सिलिंडर गेलं," आण्णा म्हणाले. "चांगलं असतं तर पाढा सपला असता, पायडल तिथंच ऱ्हायलं असतं. आतली रबरं दाब धरंना झाल्यात."

नंतर कळलं, ते प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पाठातलं म्हणायला लावत. वडापवाल्यांना ते रस्त्यातले थांबे क्रमाने म्हणायला लावायचे. एका भजनी बुवांना अभंग म्हणायला लावला तर बुवा डोळे मिटून असे रंगले की पायडल कधी तळाला गेलं ते त्यांना कळलंच नाही.

मग बॉनेट उघडलं. नवं मास्टर सिलिंडर आलं, पितळी चकाकी असलेलं, वीतभर लांबीचं. मी म्हटलं एवढंसंच? आण्णा म्हणाले, "तुमच्या घरची सात मानसं ह्याच्या जिवावर घाट उतरत्यात." त्यांनी ते शिकंज्यात धरलं, तेल भरलं आणि एका काडीने आतला दट्ट्या हळूहळू दाबत राहिले. आधी बुडबुडे आले, मग कमी झाले, मग बंद. "गाडीत बसवायच्या आधी ह्याला भरवायचं असतं," ते म्हणाले. "लेकराचं उष्टावन करतो तसं. उपाशी बसवलं की पोटात वारं धरतंय."

सिलिंडर बसलं. आता चारही चाकांच्या नळ्यांतली हवा काढायची. एकाने आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बोल्ट सैल करून हवा सोडायची. आण्णांची रीत अशी की पायडलवर पाय गाडी चालवणाऱ्याचाच हवा. दुसऱ्या कुणाचाही चालणार नाही.

तात्यांना हे पटेना. "आवं आण्णा, घरची सून हाय. गॅरेजात बसून पाय आपटत बसनार व्हय? मी बसतो की."

"तात्या, पाटनच्या घाटात तुमी पाय आपटनार हाय काय?"

"न्हाई."

"मग उतरा."

मी चपला काढल्या आणि बसले. गाडीखालून आवाज यायला लागला. "दाबा. सोडा. दाबा. सोडा. दाबा, आता धरा. धरा. धरलं न्हवं?" खाली फुस्स व्हायचं आणि माझा पाय दचकून तळाला जायचा. आधी मागचं डावं चाक, ते सगळ्यात लांब म्हणून. मग जवळ जवळ येत शेवटी माझ्याच पुढचं. पहिल्या चाकाला पायडल चिखलात पाय घातल्यासारखं लागत होतं. शेवटच्या चाकाला पाय टाकला तर ते वरच अडलं, घट्ट. आण्णा गाडीखालून म्हणाले, "आता ओळख झाली. पायाला कळाय पायजे बाई, चांगला ब्रेक कसा लागतो. म्हंजे वाईट झाला तर आधी पायालाच कळतंय, मिस्त्रीला न्हाई."

वीस वर्षं शिकवतेय, पण मुलांना इतकं सोपं करून मी क्वचितच सांगितलं असेल.

एवढ्यावर सुटका नव्हती. आण्णांनी खुंटीवरची टोपी घातली, अंगणाच्या टोकाला एक वीट ठेवली आणि विटेवर स्वतःचा जेवणाचा डबा. भरलेला. "तिसाच्या स्पीडनं या आनी एक हात अलीकडं थांबा. डबा गेला तर आज मला उपास. दिवस मावळायला आलाय."

तात्या म्हणाले, "अन्न हाय आण्णा ते!"

"म्हनूनच ठेवलाय. दगूड ठेवला तर कोन काळजीनं ब्रेक लावनार हाय?"

मी थांबले. दोन हात अलीकडे. आण्णांना ते आवडलं नाही. "भ्यालात. परत." दुसऱ्यांदा मी एक हातावर थांबले आणि त्यांनी डबा उचलून आत नेला, जेवायला. त्या डब्याला एका बाजूने खोलगट पोचा होता. तो कुणाचा प्रसाद हे विचारलं की सगळे वडापवाले एकमेकांकडे बोट दाखवायचे.

त्यानंतर चार-पाच महिने गेले. आमच्या सुप्रियाला, तात्यांच्या लेकीला, पाटणच्या वरच्या अंगाला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, बँकेत. मुलगी पसंत झाली होती, आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं होतं. तात्यांना एकच लेक. त्यांचं आठ दिवस जेवणात लक्ष नव्हतं. नवा फेटा आणला, मला गाडी धुवायला लावली, चाकांतली हवा बघितली. एका संध्याकाळी बॉनेटही उघडून बसले. मी ओट्यावरून बघितलं, हातात नरसाळं होतं.

"ब्रेकचं तेल जरा खाली गेलतं. घातलं," मला म्हणाले. "निवांत चालवा."

मी निवांत होते. आता वाटतं, कुठलं तेल, एवढं तरी विचारायला हवं होतं.

पाटणला जाताना गाडी जरा जड चालतेय असं वाटत होतं. मी माणसांचं वजन समजले. वर डोंगरात मुलाचं घर छान होतं, माणसं मोकळी होती. जेवणं झाली. परतताना मुलाचे चुलते कराडला यायचे म्हणून माझ्या शेजारी बसले. घरात त्यांचा शब्द चाले. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, हातात काठी. मागे तात्या, जाऊबाई, सुप्रिया.

उतार लागला आणि दुसऱ्या वळणाला जळका वास आला. चाकं आपोआप धरली गेली होती, तापली होती. तिसऱ्या वळणाला मी पाय टाकला आणि पायडल थेट खाली. पायाला कळलं. मी गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात गाडीचं तोंड घातलं. ढिगारा काचेपर्यंत आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चुलत्यांची काठी मात्र खिडकीतून बाहेर जाऊन दरीत गेली.

मग चुलते घसा खाकरून म्हणाले, "बाई, गाडी चांगली चालवता." आणि मागे वळून तात्यांना विचारलं, "ब्रेकचं काम कुनाकडनं करून घेतलं होतं वो?"

"फाट्यावरचा भूपाल मिस्त्री," तात्या म्हणाले.

मी रस्त्यावरूनच आण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाकं तापली का, वास आला का, पायडल कधी गेलं. मग विचारलं, "मधी तेल कुनी घातलं काय?" मी म्हटलं, तात्यांनी. "बरं," ते म्हणाले. "गाडीला हात लावू नका. उद्या येतो."

रात्री आम्ही मुलाच्याच घरी राहिलो. त्यांनी आदर केला, पण दुपारची मोकळीक राहिली नव्हती. चुलते अंगणात काठीशिवाय फेऱ्या मारत होते. सुप्रिया कोपऱ्यात बसून ओढणीचं टोक गुंडाळत होती. ज्या माणसांना गाडीचा ब्रेक धड ठेवता येत नाही त्यांची मुलगी करावी का, हा प्रश्न त्या घरात हिंडत होता, फक्त कुणी तो बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला आण्णा एसटीने आले. कराडला गाडी बदलून, खांद्यावर पिशवी, तीत सिलिंडर, चारही चाकांची रबरं, नळ्या. वळणावर सगळे जमले. चुलते, मुलाचे वडील, तात्या, मी. आण्णांनी तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाखालचं रबर पुरीसारखं फुगलं होतं. त्यांनी एक बोट तेलात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला.

मला तेव्हा सगळं उमगलं. तो वास आमच्या गोठ्याशेजारच्या शेडचा होता. ते तेल ट्रॅक्टरचं होतं.

आणि यात तात्यांचा विचार काय ते मी सांगू शकते. ट्रॅक्टरचे ब्रेक तेलातच बुडालेले असतात. वर्षानुवर्षं तात्या ते तेल बदलतात, ब्रेक कधी फसले नाहीत. त्या संध्याकाळी ते ब्रेकचं तेल आणायला फाट्यावर गेलेही होते, पण साडेपाच वाजून गेले होते आणि शटर खाली होतं. मग घरातलंच घातलं. कारच्या ब्रेकच्या रबराला ते तेल लागलं की रबर फुगतं आणि निकामी होतं, हे त्यांना कोण सांगणार होतं? मी तात्यांकडे बघितलं. ते त्या फुगलेल्या रबराकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

चुलत्यांनी विचारलं, "काय मिस्त्री, काय चुकलं?"

आण्णांनी बोट बंडीला पुसलं. पांढऱ्या बंडीवर तेलाचा पट्टा उठला.

"माझंच चुकलं सायेब," ते म्हणाले. "जुनं रबर घातलं गेलं हातनं. नजरचूक. ह्या मानसांचा काय दोष न्हाई."

"एवढे नावाजलेले तुमी!"

"व्हय," आण्णा म्हणाले आणि मान खाली घालून पिशवी उघडायला लागले.

काम दुपारभर चाललं. सगळं तेल काढून टाकलं, सगळी रबरं बदलली, नळ्या बदलल्या. बाकीचे सावलीला गेले. मी गाडीत, आण्णा खाली. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून मला विचारायचा धीर झाला.

"आण्णा, तुम्ही खोटं का बोललात?"

"दाबा."

"तुमची काही चूक नव्हती."

"सोडा. दाबा. धरा." फुस्स झालं. मग खालून म्हणाले, "माझं दुकान बंद हुईल, एवढंच. पोरीचं जमलेलं मोडलं तर ती काय दुसरं दुकान टाकनार हाय?"

"मी सांगते त्यांना."

"बाई, तुमी पायडल मारा."

मी पायडल मारलं. हे लिहिताना अजून लाज वाटते. मी रोज मुलांना खरं बोला म्हणून शिकवते, आणि त्या वळणावर मी पायडल मारत बसले.

लग्न ठरलं. माघातली तारीख निघाली. आणि त्याच आठवड्यात आण्णांनी शटर ओढलं. वडापवाल्यांनी समजूत घातली, एकाने तर भिंतीवरची ओळ पुसायला रंगाचा डबाच आणला. आण्णा म्हणाले, "गाडी आली काय, मी गेलो काय, ब्रेक परत करावा लागला न्हवं? मग?" महावीर मोटार घेऊन आला, इतका आनंदात की त्याला दोष देववेना. त्याने वडिलांचं सामान डिकीत भरलं आणि निघताना वडापवाल्यांना पेढे वाटले. कुणी तोंडात घातला नाही.

पुण्याहून आण्णा कधीमधी मला फोन करायचे. सातवा मजला. लिफ्टला ब्रेक कुठं असतो हे त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं होतं आणि त्याने दाखवला नव्हता. शेजाऱ्याच्या स्कूटरखाली आडवे झाले तर सोसायटीने सूनबाईला बोलावून समज दिली. "जेवायला येळेवर मिळतंय बाई," एकदा म्हणाले. "दिवस मावळायच्या आत. पन भूकच लागत न्हाई." मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग तात्यांवर चिडले. जेवताना त्यांना म्हटलं, "तात्या, आण्णांना असं सोडायचं का?"

तात्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, "अक्षता पडू द्या बाई."

मला वाटलं, ते पुढे ढकलतायत. मोठी माणसं अवघड गोष्टी अशाच टाळतात. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

लग्न फाट्याजवळच्या कार्यालयात, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. आमच्याकडच्या लग्नांत एक माणूस माइक धरून बसलेला असतो. अमुक गावचे तमुक आलेत, त्यांचं स्वागत, त्यांना फेटा, त्यांना टॉवेल-टोपी. पाहुण्यांना नवरानवरीपेक्षा स्वतःच्या नावाची जास्त काळजी. तात्यांनी आण्णांना खास बोलावणं धाडलं होतं. महावीर घेऊन आला. गुलाबी फेटा बांधलेले आण्णा पहिल्या रांगेत बसले होते. तीन महिन्यांत निम्मे झाले होते. मागे वडापवाल्यांची अख्खी फौज.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. सुप्रियाने हार घातला. आणि वाजंत्री थांबते न थांबते तोच तात्या माइकवाल्याकडे गेले आणि त्याच्या हातातून माइक काढून घेतला. तो बिचारा त्यांना सत्काराची यादी द्यायला लागला. तात्यांनी ती घेतली नाही.

"राम राम मंडळी," तात्या म्हणाले. "पाटनच्या घाटात आमच्या गाडीचा ब्रेक गेला हुता. पावन्यांची काठी गेली, जीव जाता जाता ऱ्हायला. भूपाल मिस्त्रीनं सांगितलं, माझी चूक. ते खोटं हाय. त्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल मी वतलं. मी. मिस्त्रीला बघताक्षणी कळलं हुतं. माझ्या पोरीचं लगीन मोडू नये म्हनून त्यानं आपलं नाव घालवलं. मी गप बसलो. अक्षता पडूस्तवर गप बसलो, कारन मी बाप हाय. आता पडल्या. आता ज्यानं जे म्हनायचं ते म्हना."

कार्यालयात बाराशे माणूस असेल. सगळे चुलत्यांकडे बघत होते. त्यांनी नवी काठी दोन्ही हातांत धरली होती. आधी व्याह्यांना पोर पदरात घालून घ्यायची आणि मग खरं सांगायचं, हा तात्यांचा हिशेब मला पुरता पटला नाही, आजही पटत नाही. पण त्या क्षणी ते तिथे उभे होते तसं उभं राहायची माझी छाती झाली नसती. झाली नव्हतीच.

चुलत्यांच्या मिशा हलल्या. "आवं व्याही," ते म्हणाले, "हे घाटातच सांगितलं असतं तरी पोरगी आम्हीच नेली असती की." मग हातातली काठी वर करून, "पन काठी भरून द्या."

हसण्याचा स्फोट झाला. त्या गलक्यात आण्णा उठले आणि तात्यांपाशी गेले. लोकांना वाटलं आता गळाभेट. आण्णांनी तात्यांचा खांदा धरून हलवला. माइक दोघांच्या मधे होता, त्यामुळे जे बोलले ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

"तीन महिनं, तात्या! तीन महिनं मी लिफ्टमधनं वर-खाली करतोय. एका मोटारीखाली गेलो न्हाई रं गड्या..."

लाउडस्पीकरवर एका म्हाताऱ्या माणसाचा हुंदका आला, अगदी स्वच्छ. आणि मग तात्यांचा.

वडापवाले मागून पुढे आले. कोण आधी आला ते कळलं नाही, पण एकाने आपल्या गाडीची किल्ली पुढे केली, मग दुसऱ्याने, मग दहा-बारा हात किल्ल्या घेऊन आण्णांच्या भोवती उभे राहिले. आण्णांनी डोळे पुसले. किल्ल्यांकडे बघत राहिले. मग त्यातल्या सगळ्यात खटारा जीपची किल्ली उचलली आणि जेवणाच्या पंगती टाळून, गुलाबी फेट्यासकट, तरातरा कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडले. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर महिनाभरात माझी बदली झाली. आण्णांना मी शेवटचं बघितलं ते असं पाठमोरंच.

महावीर दोन ताटं वाढून घेऊन आला होता, एक स्वतःचं, एक वडिलांचं. रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून इकडे तिकडे बघायला लागला.

"तात्या, आमचे आण्णा कुठं गेले?"

तात्यांच्या हातातला माइक अजून चालूच होता.

"दुकान उघडाय," तात्या म्हणाले, आणि ते सगळ्या फाट्याने ऐकलं.